राखलेलं पांढरं

“पांढरं लावायचं न्हाई ताई, राखायचं. पाखरापासनं शेत राखत्यात तसं.” ब्रश झटकत सर हे म्हणायचे. म्हणजे पांढरा रंग द्यायचा नाही, तिथे कागदच कोरा सोडायचा. मी खडूच्या पेटीची पोच घ्यायला गेले तरी हेच ऐकून यायची.

भरे गावचे ते, आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मी तिथेच क्लार्क. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीची यादी. सर चिडवायचे, “ताई वर गेल्या की यमाकडनं बी पोच घेतील.”

निवृत्तीनंतर त्यांनी एका जुन्या परदेशी चित्राची नक्कल काढायला घेतली. क्रुसावरून उतरवलेला येशू, त्याला तोलून धरणारी माणसं, खाली आई. मूळ चित्र रंगीत. सरांकडे फक्त काळी शाई आणि पाणी. शाई पातळ करत करत त्यांनी हात, वस्त्रं, आईची वाकलेली मान उभी केली. येशूचा चेहरा तेवढा कोरा राहिला.

त्यांचा एकुलता मुलगा ताम्हिणी घाटात मोटारसायकलवरून पडून गेला होता. त्यात काचबिंदूमुळे सरांची नजर महिन्यागणिक कमी होत होती. शाळेच्या प्रदर्शनाच्या यादीत हे एकच चित्र बाकी. मी दर शनिवारी त्यांच्या घरी जाऊन विचारायची, “सर, चेहरा?”

“त्यो दिसंल तवा काडीन.”

एका शनिवारी तो दिसला असावा. मी पोचले तेव्हा सर गालाची सावली घालत होते. हनुवटी पाहून मी चरकले. ती त्यांच्या मुलाची होती.

तेवढ्यात ब्रशवरून शाईचा थेंब चित्रातल्या कपाळावर पडला. सर टिपकागद चाचपू लागले. मी चटकन रुमाल काढला आणि पुसलं.

ओली शाई पुसू नये, टिपावी. एवढी वर्षं त्यांच्याजवळ बसून मला हे ठाऊक नव्हतं. सगळा चेहरा करडा झाला.

सर कागदाला नाक लावून बघत राहिले.

“राहू द्या ताई,” ते म्हणाले. “दवाखान्यातबी अशीच घाई झाली. मी पोचायच्या आत लोकांनी त्याचं तोंड झाकलं. म्हनले, नका बघू.”

त्यांनी ब्रश पुन्हा धरला नाही. दिवाळीपर्यंत नजर पूर्ण गेली.

गेल्या वर्षी सर गेले. ओटीवर त्यांना ठेवलं होतं. कुणीतरी पांढरी चादर तोंडावर ओढू लागलं. मी त्याचा हात धरला.

“थांबा. एवढ्यात नको.”