घंटागाडीवरचं गाणं

आमच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची घंटागाडी येते ती माधवचं गाणं वाजवत. माधव माझा जुना मित्र. आम्ही दोघंही गाण्यांना चाली लावतो. हे गाणं त्याने नगरपालिकेला हौसेने करून दिलं. ना करार, ना कुठे नोंदणी. माझी गाणी मात्र रीतसर नोंदवलेली, सगळ्या ॲपवर चढवलेली. त्यांची जेवढी रॉयल्टी येते, तेवढ्या पैशात एक चहा होतो. ऐकणारी बहुधा माझी बहीणच असावी.

परवा समोरच्या जोशीकाकूंनी बादली गाडीत उपडी केली आणि तिथेच उभ्या राहिल्या. ड्रायव्हर गाडी पुढे घेऊ लागला तशा म्हणाल्या, "थांब रे बाबा, एवढं कडवं होऊ दे."

माझ्या पोटात दुखलं ते तिथे. माझ्या कडव्यासाठी आजवर कोणी रिकामी बादली घेऊन उभं राहिलेलं नाही.

माधव फोनवर कुरकुरतो, "तुझं बरंय. तुझी गाणी तुझ्या नावावर तरी आहेत." मी "हो ना" म्हणतो. मनात म्हणतो, घे माझी सगळी रॉयल्टी आणि ती गाडी मला दे. चाल कागदावर आपल्या नावाची करता येते. लोकांच्या तोंडी बसवायची असेल तर अर्ज कुठे करायचा?

आज बादली घेऊन मीच खाली उतरलो. चालीत खोट काढायचीच, असं ठरवून कान लावला. अंतऱ्यात एका वळणावर अलगद कोमल निषाद आला. बादली केव्हाच रिकामी झाली होती. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि मी ओरडलो, "अरे थांब, कडवं संपू दे!"