माहूरच्या लॉजवर भरलेली आमची शाळा

अप्पांचा फोन आला तेव्हा मी गल्लीत टँकरची वाट बघत होते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच हा उन्हाळा. अप्पा मूळचे उदगीरचे. माहूरला देवीच्या गडाच्या पायथ्याशी त्यांचं लॉज आहे.

"ताई, तुमचा ब्लॉग वाचतो मी. शनिवारी एक ग्रुप यायलाय दर्शनाला. कुणाला दिसत न्हाई, कुणाला ऐकू येत न्हाई, दोघं खुर्चीवर हायत. आधीच्या लॉजवाल्यानं ऐन वेळी नकार दिला त्यांना. मी हो म्हणून बसलो, पण आमच्या लोकांना यातलं काय बी कळत न्हाई. शिकवायला येता का?"

लहानपणीच्या पोलिओपासून मी व्हीलचेअरवर आहे. हॉटेलातल्या लोकांना असे पाहुणे कसे सांभाळायचे, हे मी आणि नागनाथ सर मिळून शिकवतो. सर तबला शिकवतात आणि त्यांना अजिबात दिसत नाही. लातूर-नांदेडच्या हॉटेलांत आम्ही पुष्कळ शिकवलं होतं. माहूरला मात्र मी कायम खालूनच नमस्कार केलेला. घरचे पायऱ्या चढून जायचे आणि मी गाडीत बसून चपला राखायचे. डोलीची मला धास्ती होती.

"जाऊ या," सर म्हणाले. "नाहीतरी इथं अंघोळीला पाणी कुठंय?"

गुरुवारी पहाटे निघालो. माझ्या गाडीला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायचे आहेत, त्यामुळे ड्रायव्हर लागत नाही. चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं; रस्ता बरा आहे. नांदेडला पोटभर नाष्टा करून घ्या, कारण भोकरच्या पुढे नीट खायला मिळेलच असं नाही. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा फाटा लागतो, पण आम्ही गेलो तेव्हा धबधब्याच्या जागी नुसता काळा खडक होता. किनवटच्या जंगलात सागाला एक पान नव्हतं. सर म्हणाले, "ताई, इथं पाखरंसुद्धा हळू आवाजात बोलतायत."

किनवटला चहाच्या टपरीवर किनवटचा वेगळा जिल्हा कधी होणार, याची चर्चा रंगली होती. माझ्या चाकांकडे आणि सरांच्या पांढऱ्या काठीकडे बघून एकानं विचारलं, "जिल्ह्याच्या कामासाठी आले का तुम्ही? सरकारी हाव का?"

"नाही हो, देवीच्या कामासाठी," सर म्हणाले. चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. आम्ही आग्रह करून दिले.

लॉजवर पोचलो आणि गडबड तिथेच झाली. मॅनेजर किशनराव, पन्नाशीचे, अंगापिंडानं मजबूत. धावत आले आणि मागून माझी खुर्ची धरून थेट उताराकडे ढकलायला लागले. माझा हात चाकात सापडता सापडता वाचला. मी ओरडले, "थांबा! विचारलं का मला?"

त्यांचा चेहरा पडला. "मी तं मदतच करून राहिलो होतो, मॅडम. देवाची माणसं तुम्ही."

"देवाची नाही, तुमचं गिऱ्हाईक आहे मी."

चार लोकांसमोर हे झालं. किशनराव आत निघून गेले.

शुक्रवारी सकाळी गच्चीखालच्या सावलीत शाळा भरली. अप्पा, वेटर मारोती, स्वयंपाकाच्या गंगाबाई, झाडलोट करणाऱ्या दोघी, सगळे होते. किशनराव नव्हते. ते नसतील तर शिकवलेलं टिकणार नाही, हे मला माहीत होतं. लॉज त्यांच्या शब्दावर चालतं.

सुरुवात जेवणापासून केली. मारोतीनं सरांना ताट वाढलं आणि मला विचारलं, "साहेब भाकर घेतील का पोळी?"

"साहेबांचं तोंड इकडं आहे," सर म्हणाले. हशा पिकला. मग मारोती ताटातलं सगळं सरांना सांगायला शिकला: उजव्या हाताला पिठलं, डावीकडं ठेचा, मधे भाकरी. गंगाबाईंनी त्यात भर घातली, "आणि ठेचा तिखट हाय, हे आधी सांगाचं."

खरी अडचण न्हाणीघरात निघाली. दुष्काळामुळे शॉवर बंद, प्रत्येकाला एक बादली पाणी. बादली जमिनीवर असली की खुर्चीवरच्या माणसाला वाकता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्या पायाला ती लागून सांडली, तर अंघोळच गेली. मी मारोतीला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "कमरेतून न वाकता पाणी घे बघू." त्याला जमलं नाही. सगळे विचारात पडले असताना दारातून आवाज आला, "मागं सिमेंटचा जुना बाक पडून हाय. कापून भिंतीला लावला तं बादली वर ठेवता येईन."

किशनराव होते. किती वेळचे उभे होते, कुणास ठाऊक.

मी खुर्ची त्यांच्याजवळ नेली. "काल मी चढ्या आवाजात बोलले, कारण हात चिरडला असता. पण तुमची मदत मला हवीय."

त्यांनी माझ्या खुर्चीच्या मुठींकडे बघितलं. मग म्हणाले, "मग सांगा, खुर्ची धराची कशी?"

बाक न्हाणीघरात बसला आणि दुपारभर त्यांनी मला अंगणात फिरवलं. उतारावर खुर्ची उलटी घ्यायला शिकले, दर वळणाआधी सांगायला शिकले. ऐकू न येणाऱ्यांना पहाटे उठवायचं कसं, यावर संध्याकाळी त्यांनीच वायरमन बोलावला. खोलीतल्या दिव्याचं एक बटण दाराबाहेर बसलं. थाप मारायची नाही, दिवा चालू-बंद करायचा.

शनिवारी दुपारी बस आली. मारोतीनं सामानाला हात घालण्याआधी परवानगी विचारली. किशनराव खुर्चीवरच्या एका बाईंसमोर गेले, त्यांच्या नजरेच्या उंचीला गुडघ्यावर बसले. "ताई, मी किशन. मदत लागन का? लागली तं कशी करू?" त्या बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढं कुणी कधी विचारलं नाही हो." अप्पा उपरण्यानं डोळे पुसत आत गेले. ऐकू न येणाऱ्या एका तरुणानं मारोतीला चहाची खूण शिकवली आणि मारोती रात्रीपर्यंत दिसेल त्याला ती करून दाखवत होता.

रविवारी गड. मी खालीच थांबणार होते.

"ताई, चलता का?" किशनरावांनी विचारलं. नुसतं विचारलं, आग्रह केला नाही. मी हो म्हणाले, माझं मलाच नवल वाटलं. डोलीवाल्यांना त्यांनी बजावलं, "घाई कराची न्हाई. ताई थांबा म्हणल्या की थांबाचं." दोनदा थांबा म्हटलं. दोन्ही वेळा थांबले. सर माझ्या शेजारून मारोतीच्या कोपराला धरून चढत होते आणि लय धरल्यासारखी काठी टेकवत होते.

वर पोचल्यावर आमच्या सगळ्या ग्रुपनं एकदम जयघोष केला. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी दोन्ही हात वर करून बोटं हलवली. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. पुजाऱ्यांनी तांबूल हातावर ठेवला. कुटलेल्या विड्याची ती गोड चव जिभेवर घेऊन मी डोलीतूनच कठड्याशी गेले. खाली उघडे डोंगर, कोरडे ओढे, आणि इतकं मोठं आभाळ.

जाणार असाल तर पहाटे गड चढा, पाण्याच्या बाटल्या सोबत न्या, आणि डोलीवाल्यांना तुमची पद्धत आधी सांगा. ते ऐकतात.

आता शेजारच्या लॉजवाल्यांनी किशनरावांनाच शिकवायला बोलावलंय, असं अप्पांनी परवा फोनवर सांगितलं. मोठ्या रुबाबात गेले म्हणे.

लातूरला परतले तेव्हा आईनं दारातच विचारलं, "एवढी वर गेलीस. पाणी मागितलंस का देवीला?"

"नाही गं," मी म्हटलं. "बघण्यातच राहून गेलं."

आई हसली आणि माझ्यासाठी जपून ठेवलेली बादली न्हाणीघरात घेऊन गेली.