खंडेनवमीचं तेल

आश्विन वद्य तृतीया, सकाळ. परसाकडच्या ओसरीवर आम्ही चौघं: हे, धाकटे भावजी, सासूबाई आणि मी. पोरांना मी आधीच शेजारी धाडलं होतं.

दसरा झाला की बंदुकीला तेलपाणी करायचं, हा घरचा शिरस्ता. मांडामांड माझ्याकडे: फाटक्या धोतराच्या चिंध्या, नळीत फिरवायची काठी, हैदराबादेहून आणलेली यंत्राच्या तेलाची बाटली. दिवाळीनंतर परवान्यासाठी बंदूक बीडच्या कचेरीत दाखवावी लागे, आणि निजामी अमलात हयगय चालत नसे.

बंदूक विलायती. मोठ्या नळीखाली एक बारीक नळी, तिच्यात काडतुसं एकामागे एक बसत. ह्या बारीक नळीवरची लाकडी मूठ मागं ओढली की झाडलेलं काडतूस बाहेर पडे, पुढं ढकलली की नवं आत जाई.

ह्यांनी मूठ मागं ओढली. ती अर्ध्यावरच अडकली. घोडा मात्र चढला, आणि फटीतून लाल पुठ्ठ्याची कड दिसली.

आत काडतूस होतं. नळीचं तोंड सासूबाईंकडे. मी दंडाला धरून त्यांना खांबामागं ओढलं.

"सीमोल्लंघनाला तू उडवलीस. रिकामी केली न्हाई?" ह्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"दोनच भरलती, दादा. एक उडवलं. दुसरं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई."

"लई शाना हायस."

ह्यांनी बंदूक तशीच धरून तोंड परसातल्या मातीच्या ढिगाकडं वळवलं. मी मुठीच्या खाचेला बोट लावून पाहिलं. पिवळं, चिकट. तेलाच्या बुधलीच्या तोंडावरचा असाच थर मी राखेनं घासून काढत असे.

"आत्याबाई, हिला करडईचं तेल कुणी लावलं?" मी सासूबाईंना विचारलं.

"मीच की. खंडेनवमीच्या पूजेला. चांगलं ओंजळभर ओतलं. देवाच्या दिव्याला चालतं, मग बंदुकीला कावून चालंना?"

करडईचं तेल वाळलं की डिंकासारखं धरतं. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"दगडानं हळूच ठोकू का?" भावजी म्हणाले.

"ठोक, आन् वहिनीला तुजी बोटं हुडकाया लाव," हे म्हणाले.

कुणी हसलं नाही. मी कंदिलातलं घासलेट वाटीत काढलं आणि पळीनं थेंब थेंब खाचेत सोडलं. सासूबाई खांबामागून लिंबागणेशच्या गणपतीला नारळाचा नवस बोलत होत्या.

बऱ्याच वेळानं ह्यांनी मूठ परत ओढली. ती कुरकुरत मागं आली आणि काडतूस टणकन फरशीवर पडलं. भावजी उडी मारून बाजूला झाले. आता मात्र सगळे हसले.

"सुटलो," म्हणत ह्यांनी मूठ पुढं ढकलली. ती पुन्हा अर्ध्यावर अडकली. मी वाकून पाहिलं. खालच्या नळीतून आणखी एक काडतूस निघून तिरपं रुतलं होतं.

"भावजी, दोनच ना?"

"तीन आसतील, वहिनी." मग थांबून, "का चार..."

वाटी रिकामी, कंदीलही कोरडा. जोर लावला तर तो थेट काडतुसावर. ह्यांनी जपून बंदूक ओसरीवरच्या सरकीच्या दोन पोत्यांमध्ये ठेवली, तोंड ढिगाकडं. गाडीत घालून बीडला न्यावी, तर वाटेत दणके.

दिवसभराची कामं मी उरकली. नळीसमोर यायला नको म्हणून परसात जायला सगळे पुढच्या दारानं वळसा घालू लागले. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला बीडहून घरी आणणं तेवढं राहिलं. तो येईपर्यंत घोडा चढलेलाच.