मखमलीखालचे ठिपके

वर्लिन हिटपास दुकानात शिरला की आधी खोक्यांवरून अंगठा फिरवायचा. साबणाची खोकी, चॉकलेटची, टूथपेस्टची. घ्यायचं काही नसायचं. त्याची बायको मर्ना होती तोवर ती चार पावलं पुढं जाऊन उभी राहायची, हा माणूस माझ्याबरोबरचा नव्हेच अशा चेहऱ्यानं. हा आपला खोक्याशी बोलतोय, तुझी चंदेरी कडेला सुटलीय, तुझं वार्निश जळलंय. एखाद्या खोक्याला शाबासकीही द्यायचा.

आमचं किंबर्ली गाव फॉक्स नदीच्या काठचं. इथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं कागदावर जगली. वर्लिनचा बाप कागद गिरणीत होता. गिरणी बंद पडायच्या आधीच पोरगा हुशारीनं खोक्यांच्या कारखान्यात शिरला आणि छापून आलेल्या पुठ्ठ्याला साज चढवायच्या खात्यात रुजला. चंदेरी फॉइल लावणं, मखमलीसारखी फिल्म चढवणं, डायनं, म्हणजे धातूच्या साच्यानं दाबून, उठाव देणं, हे त्याचं काम. मीही त्याच कारखान्यात खोकी चिकटवायच्या ओळीवर होते. युनियनसाठी तोंड उघडलं म्हणून मला हाकललं, त्याला आता बरीच वर्षं झाली. वर्लिननं तेव्हा माझी बाजू घेतली नव्हती, पण माझ्याकडं बघणंही सोडलं नव्हतं. आमच्याकडं एवढं पुष्कळ झालं.

बाहेर पडल्यावर मी जी भांडणं अंगावर घेतली त्यातलं एक ब्रेलचं. इथल्या एका मोठ्या औषधदुकान कंपनीची स्वतःच्या नावाची औषधं असतात. डोकेदुखीची, सर्दीची, झोपेची. सगळी खोकी एका मापाची. आंधळ्या माणसानं झोपेची गोळी सर्दीची म्हणून घ्यायची का, असं विचारत मी तिच्या दारात दोन हिवाळे उभी राहिले. शेवटी कंपनी वाकली. खोक्यांवर ब्रेलचे ठिपके आले, आणि ते काम आमच्याच गावच्या कारखान्यात, वर्लिनच्या मशीनवर आलं.

यात सगळ्यात खूश होती लिओटा. मर्नाची थोरली बहीण. जन्मापासून आंधळी, लग्न न केलेली, जिभेनं धारदार. रविवारी चर्चमध्ये बायबलमधला उतारा ती ब्रेलवर बोटं फिरवत वाचायची. आमचे लोक प्रवचनाला डुलक्या काढतात, पण लिओटा वाचायला लागली की खोकणंही थांबायचं. मर्ना गेल्यानंतर वर्लिन तिच्याकडं दर बुधवारी जेवायला जायचा, नळ गळत असला तर बघायचा. पहिलं नमुन्याचं खोकं त्यानं तिलाच नेऊन दिलं. तिनं ते एका दमात वाचलं आणि म्हणाली की एवढे स्वच्छ ठिपके शाळेतसुद्धा बोटाला लागले नव्हते. ते खोकं कित्येक दिवस वर्लिनच्या बोलण्यात होतं.

पण नमुना त्यानं हातानं केला होता, साध्या पुठ्ठ्यावर. दुकानाच्या माणसांना हवी होती मखमली फिल्म, वर चंदेरी पट्टा. मशीन पूर्ण वेगात सुटलं तशी ठिपक्यांच्या टोकांवर फिल्म पांढरी पडायला लागली, चंदेरी तडकायला लागली. माल परत आला. मॅनेजर डोक्यावर उभा. डायखाली पातळ कागदाचे थर लावून उठाव कमी-जास्त करतात. वर्लिननं एक थर काढला. तडकणं कमी झालं. अजून एक काढला, थांबलं. ठिपके होते. उजेडात तिरकं धरलं की त्यांची सावली दिसायची. मॅनेजरनं बघून मान डोलावली, दुकानाच्या माणसांनी डोलावली. ज्यांना डोळे होते त्या सगळ्यांनी पास केलं.

मखमलीवरून बोट मात्र नुसतं घसरत होतं. हे वर्लिनला ठाऊक होतं. अंगठा खोटं बोलत नाही. त्यानं तो अंगठा खिशात घातला.

ईस्टरआधीचा लेंटचा उपवास सुरू झाला, त्यातल्या एका रविवारी लिओटा वाचायला उभी राहिली आणि तिसऱ्या ओळीवर अडकली. बोट मागं नेलं, पुढं नेलं. मग पुस्तक मिटून तिनं सगळ्या चर्चला सांगितलं की माझी बोटं गेली, आता दुसऱ्या कुणाला तरी हे काम द्या. आवाज कापला नाही तिचा. आमच्या लोकांनी हळहळ केली. वय झालं, असं एकमेकांच्या कानात म्हटलं. वर्लिन माझ्या पुढच्या बाकावर होता. त्याची मान लाल झालेली मी पाठीमागून बघितली आणि मला वाटलं, बिचाऱ्याला मेव्हणीचं वाईट वाटतंय.

दुपारी तो माझ्या गॅरेजच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी येईना. तिथंच उभं राहून, बर्फाच्या फावड्याकडं बघत, त्यानं थरांची सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाला की तू तक्रार टाक. निनावी. कंपनी तपासेल, कारखाना डाय बदलेल, कुणाचं नाव येणार नाही.

माझं डोकं फिरलं. "दोन हिवाळे मी थंडीत कुडकुडले ते कशासाठी रे? खोक्यावर नक्षी काढायला?"

"म्हणून तर तुझ्याकडं आलो."

"माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायला आलास. आणि लिओटाचं काय? तिला कोण सांगणार, निनावी पत्र?"

मी गाडीची किल्ली काढली आणि त्याला बस म्हटलं. वाटेत एकदा तो म्हणाला की उद्या जाऊ, आज तिचं मन ठीक नसेल. मी गाडी थांबवली नाही.

लिओटा स्वयंपाकघरात बीन्स निवडत बसली होती. दोघांची पावलं ऐकून म्हणाली, सांत्वनाला आला असाल तर घरी पुष्कळ केक आलाय, घेऊन जा. वर्लिन खुर्चीवर न बसता टोपी हातात फिरवत राहिला. मी तोंड उघडलं नाही. मोठ्या मुश्किलीनं, पण नाही उघडलं. शेवटी त्यानं सांगितलं. ठिपके चपटे आहेत. मी केले. कळत होतं मला.

तिचे हात बीन्सवर थांबले. तिनं विचारलं, "तुला माहितीये मला कशावरून वाटलं की बोटं गेली?"

तिनं बीन्सचं भांडं बाजूला सारलं.

"जुनी पुस्तकं मला पाठ आहेत. ती वाचता येतात याचा काय भरवसा, बोटं वाचतायत की डोकं? मग तुझी खोकी दुकानात आली. नवीकोरी. नमुना तर मी घडाघडा वाचला होता, आणि आता अक्षर लागेना. मी म्हटलं, वर्लिनचं काम आहे, ते चुकणार नाही. म्हणजे मीच चुकतेय. रोज एक खोकं घेऊन बसायचे मी इथं. मग चर्चमध्येही बोटांवरचा विश्वास उडाला."

वर्लिन पुटपुटला की त्याला वाटलं नव्हतं तिच्यापर्यंत हे जाईल.

"तू मला फुकट म्हातारी केलंस," ती म्हणाली. चिडून नाही. किंमत सांगावी तशी.

तो म्हणाला की उद्याच मॅनेजरला सांगतो, मशीनवरून काढलं तरी चालेल. लिओटानं ते झटकून टाकलं. मॅनेजरचं तुझं तू बघ. "मी सगळ्यांसमोर सोडलं. तू सगळ्यांसमोर सांग."

सोमवारी त्यानं मॅनेजरला खरंच सांगितलं. त्याला मशीनवरून काढून कचरा पुठ्ठ्याचे गठ्ठे बांधायला लावलं. फिल्म रद्द झाली, नवा माल निघायला लागला. मला वाटलं, आता या माणसाला घेऊन राजधानीत ब्रेलच्या कायद्यावरच्या सुनावणीला जावं, असा साक्षीदार पुन्हा मिळायचा नाही. त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, चोराला मिरवत नेऊ नये. मला राग आला.

लेंटमध्ये शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासे तळायचे. दर वर्षी वर्लिन कढईवर असतो. त्या दिवशीही होता. निम्म्या लोकांना वाढून झालं, बटाट्याच्या धिरड्यांचा दुसरा घाणा निघाला, तरी तो कढई सोडेना. त्याच्या शेजारी तळणारा एकजण चिडवत होता की मासे केव्हाच मेलेत, एवढं निरखून काय बघतोस. लिओटा मागच्या भिंतीजवळच्या टेबलावर बसली होती. तिनं ताटाला हात लावला नव्हता.

मग तो एप्रनसकट बाहेर आला आणि कॉफीच्या टेबलाजवळ उभा राहिला. हात पुसत राहिला. जवळच्या दोन टेबलांना कळलं की याला काही बोलायचंय, ती गप्प झाली. बाकीचा हॉल चालूच होता. पोरं धावत होती, कुणीतरी राय धान्याचा पाव मागत होतं. खाली बघतच त्यानं सांगितलं की लिओटाच्या बोटांना काही झालेलं नाही, औषधांच्या खोक्यांवरचे ठिपके वाचता येण्यासारखे नव्हते, ते त्याच्या हातून गेले, आणि माहीत असून गेले. एवढं बोलायला त्याला जिना चढताना लागतो तेवढा दम लागला. पुढच्या टेबलावरच्या बायकांनी काटे खाली ठेवले. एकीनं त्याच्याकडं बघायचं टाळलं. ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

तो वळून कढईकडं निघाला होता, तेवढ्यात मागून लिओटाचा आवाज आला. चर्चमध्ये वाचतानाचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मोठ्यानं बोल, वर्लिन. इकडं मागं कुणाला ऐकू आलं नाही."

हॉल शांत झाला. पोरंसुद्धा थांबली. वर्लिननं मान वर केली. आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागला.