खोक्यातली अमेरिका

बहारीनमधल्या आमच्या प्लँटमधला अमेरिकन साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा त्याने मुलांच्या पुस्तकांचं एक खोकं माझ्या गळ्यात मारलं. सगळी पुस्तकं अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातली. मेणबत्त्या कशा करायच्या, लोणी कसं काढायचं आणि मग इंग्रजांना कसं हाकलायचं. अस्करच्या प्लँटवरून हूऱ्यातल्या आमच्या घरापर्यंत मी ते खोकं बसमध्ये मांडीवर घेऊन आलो.

माझी मुलगी आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हणून मी नियम केला: शुक्रवारी दुपारी पुस्तक तिने धरायचं आणि मी ते मराठीत वाचायचं. इंग्रजांवर चिडलेल्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या तेव्हा मी इतक्या जोशात ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "एवढा चहा फुकट घालवला?" म्हणाली आणि परत गेली. तिच्यापुरती क्रांती तिथेच खलास.

एका शुक्रवारी एका मोठ्या घराचं चित्र आलं. टेबलाभोवती कुटुंब, मागे विहिरीवरून पाणी आणणारी काळी मुलगी. ती गुलाम आहे, मालकाने विकत घेतलेली, असं खाली स्पष्ट लिहिलं होतं. मी वाचलं, "ही घरकामाला मदत करणारी ताई."

"बाबा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज. व्हाय डिड यू चेंज इट?"

ती माझ्यापेक्षा भराभर इंग्रजी वाचते हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो. चांगलाच पकडला गेलो. इथे बहारीनमध्ये आम्ही नुसते इंडियन, पुढची जात कुणी विचारत नाही. तिलाही ती कळू नये असं मला वाटायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीला आम्ही हॉल घेतो, ती नाचते, केक खाते. जयंती कशासाठी, हे मी "खूप शिकले म्हणून" एवढ्यावर भागवलं होतं.

त्या दिवशी मात्र सांगितलं. आपल्याला कुणी विकत घेतलं नव्हतं, पण तुझ्या आजीला लहानपणी गावच्या विहिरीला हात लावायची बंदी होती. घागर घेऊन ती लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तरच पाणी. सांगताना मलाच लाज वाटत होती, आणि लाज मला का वाटावी याचा रागही येत होता.

तिने पुस्तक मिटलं. मग चक्क मराठीत म्हणाली, "आजी किती वेळ उभी राहायची?"

मला माहीत नव्हतं. आईला मी कधी विचारलंच नव्हतं.