दगडी घराची व्हर्च्युअल टूर

ज्या बिल्डरने मला त्या दगडी घरांचं काम दिलं, त्याचा धंदा मुळात हॉस्टेलचा. ट्यूशनसाठी लातुरात आलेल्या पोरांना त्याने प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये कोंबलं, पाण्यासारखं वरण पाजलं, आणि एखादं पोरगं चमकलं की त्याच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर शेजारी स्वतःचंही थोबाड छापून घेतलं. ते फोटो आमच्याच स्टुडिओत निघायचे. अब्बांनी नांदेडहून येऊन टाकलेला हा स्टुडिओ, त्यांच्यामागे मी चालवते. पुढे ती पोरं अमेरिका-दुबईला गेली आणि हा पठ्ठ्या त्यांनाच सुट्टीत राहायला घरं विकायला लागला. उसाचं चिपाड पुन्हा चरकात घालावं तसं.

मला पहिल्या दिवसापासून त्याची किळस यायची. पण कॅमेऱ्याचे हप्ते किळसेवर फिटत नाहीत, म्हणून जायची.

घरं निलंग्याच्या रस्त्याला. बाहेरून काळ्या दगडाच्या भिंती, आत लाकडी तुळया, वर मातीच्या माळवदासारखं छत. 'तुमच्या मुळांकडे परत या' असं त्याच्या वेबसाइटवर लिहिलेलं. आता आमच्या भागात दगडाच्या भिंतींनी आणि माळवदांनी काय केलं, हे कुणाला सांगायला नको. त्र्याण्णवच्या भूकंपात, गणपती बुडवून दमून निजलेली गावंच्या गावं पहाटे त्यांच्याखाली गेली. मी हे बिल्डरला म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "मॅडम, आत सगळं आरसीसी हाय. दगड नुसता वरून चिकटवलाय. बाहेरच्या पार्टीला तसलंच पायजे." म्हणजे लोक ज्याखाली मेले, त्याची नक्कल करून तो शोभेला विकत होता.

व्हर्च्युअल टूरचा कॅमेरा चारी बाजूंनी बघतो. तो स्टँडवर ठेवला की सगळ्यांनी लपायचं, मीसुद्धा भिंतीआड जाऊन मोबाइलवरून बटण दाबायचं. फक्त एकीने लपायचं नव्हतं. पहिल्या तयार घराची राखण करायला ठेवलेली पंचेचाळिशीची एक बाई होती. एरवी साधी पाचवारी नेसणाऱ्या त्या बाईला बिल्डरने नऊवारी नेसवून चुलीपुढे बसवलं होतं, हातात भाकरी, तोंडावर हसू. "आईच्या हातचं म्हणून विकतंय हे," तो मला हळूच म्हणाला. पोरं हॉस्टेलात होती तेव्हा त्याला आईच्या हातचं आठवलं नव्हतं.

बाई भूकंपाच्या गावातली. तेव्हा परकर नेसण्याच्या वयाची होती. आई आणि धाकटी बहीण दोघी गेल्या, ही तेवढी ढिगाऱ्यातून निघाली. त्या घरात पंखा होता, गादी होती, पण तिने परसात चार बांबूंवर दोन पत्रे टाकून खाली बाज मांडली होती. रात्री तिथं निजायची. आत का निजत नाहीस, असं मी विचारलं.

"पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, ताई," ती म्हणाली. "दगूड पडला की मानूस जातंय."

तो दगड चिकटवलेला आहे, असं मी तिला सांगितलं. "हाव, मालक बी तेच म्हनले," ती म्हणाली आणि तवा घासायला लागली. आत निजणार नाही, ही अट तिने कामाला लागतानाच घातली होती आणि मालक हो म्हणाला होता.

टूर तयार झाली. पहिलं गिऱ्हाईक डॅलसचं, याच हॉस्टेलातून शिकून गेलेला मुलगा. तिकडे तो डोळ्यांना हेडसेट लावून घरभर फिरत होता, इकडे आम्ही लॅपटॉपपुढे. चूल बघून तो खूश, तुळया बघून खूश. आईसाठी घेतोय म्हणाला, तिला सांगितलेलं नाही, फक्त फोनवर चित्रं दाखवली. मग परसात आला आणि गर्रकन मान वळवली.

"ते मागे काय आहे? बाजूला झोपडपट्टी आहे का?"

"न्हाई न्हाई सर, मटेरियल पडलंय. उद्या निघतंय," बिल्डर म्हणाला. त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही.

चार दिवसांनी परसाचं पुन्हा शूटिंग करायला मला बोलावलं, तर बांबू उपटलेले, पत्रे ट्रॅक्टरमध्ये, बाज घरात नेऊन ठेवलेली. आत नीज नाहीतर गावाकडं जा, असं बाईला सांगून झालं होतं. मी भांडले. अट तुम्हीच मान्य केली होती, म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोटोचं बघा." बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बोलू नका, ताई. हे काम गेलं तर ऊसतोडीला कोयता धरावा लागंल, अन् गुडघे ऱ्हायले न्हाईत." पावसाचे दिवस. तेव्हापासून ती परसातल्या कडुलिंबाखाली ताडपत्री पांघरून निजत होती. नव्या टूरमध्ये परस अगदी स्वच्छ दिसला आणि डॅलसवाल्याने घर घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत तो आला, वास्तुशांत करायला, आईला घेऊन. मुलगा अमेरिकेला गेल्यापासून आई लातुरात फ्लॅटमध्ये राहायची. फोटो काढायला मी होतेच. गाडीतून उतरून त्या हसत हसत उंबऱ्यापर्यंत आल्या, वर तुळयांकडे बघितलं आणि थांबल्या. पाय आत टाकेनात. भटजी बोलवतायत, मुलगा बोलवतोय, बिल्डर हार घेऊन उभा. त्या वळल्या आणि अंगणात उन्हात जाऊन बसल्या.

"आई, फोनवर तर तुला आवडलं होतं!"

"तुला आवडलं म्हणून म्हणले, बाबा."

मग कळलं, त्याही त्याच पट्ट्यातल्या. त्यांचं माहेर गेलं होतं, सगळंच्या सगळं. आणि मुलाला त्यातलं काही माहीत नव्हतं. आमच्याकडच्या घरांची ही रीतच. पोराची दहावी आहे, केबल बंद. बारावी आहे, कुणी गेलं तरी सांगू नका. अभ्यासात खंड नको म्हणून या बाईंनी आपले आईबाप कसे गेले हे पोराला कधी सांगितलंच नाही, आणि पोराने हौसेने त्यांना तेच घर आणून दिलं. त्याचा पडलेला चेहरा बघून मला त्याचाही राग धरवेना.

राखणदार बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारलं, "तू कुठं निजतीस गं?"

"लिंबाखाली."

"गाव कंचं?"

तिने गाव सांगितलं. बाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं. पूजा खोळंबली, दोघी बोलत बसल्या. मग त्या मुलाला म्हणाल्या, "मागं पत्रा टाक. दोन बाजा बसतील एवढा. मग ऱ्हाते मी हितं." मुलगा बिल्डरकडे वळला. ज्याने पत्रे उपटले होते, तोच संध्याकाळपर्यंत नवे कोरे निळे पत्रे ठोकून घेत होता. मला त्या दिवशी घरी जेवण गोड लागलं.

ते सुख पंधरवडाभरच टिकलं. बिल्डरचा फोन आला. डॅलसवाल्याने आपल्या मित्रांना आईचे पत्र्याखालचे फोटो पाठवले होते आणि मित्रांना ते फार आवडले होते. "आता दर घरामागं एक पत्रा टाकायलोय, मॅडम. 'अंगणातली झोप' म्हणून टूरमध्ये घेऊ. फक्त कुणीतरी निजलेलं दिसलं पायजे." जायची इच्छा नव्हती. तरी गेले. मी नाही गेले तर दुसरा कुणी जाईल आणि बाई त्याच्यापुढे एकटी पडेल, एवढाच विचार केला.

तिला पुन्हा नऊवारी नेसवली होती. बाजेवर धुतलेली गोधडी. बिल्डर म्हणाला, "हां, नीज आता. डोळे मीट."

ती बाजेवर बसली, पण आडवी होईना.

"चूल पेटवली, भाकर केली, हसा म्हनलं तर हसले," ती म्हणाली. "निजून फोटू देनार न्हाई, मालक."

"का? काय झालं निजायला?"

"माझ्या आईचा एकच फोटू हाय. पंचनाम्याच्या येळंला काढलेला. निजलेलाच हाय."

बिल्डरने मान खाली घातली. मला वाटलं, शरमला. पण तो घड्याळ बघत होता.

"बरं, मग उताणी नको," तो म्हणाला. "कुशीवर नीज."

मी कॅमेरा स्टँडवरून काढून पिशवीत घातला. बाई मात्र जागची हलली नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पाठ ताठ ठेवून, ती तशीच बसून राहिली.