बंडीच्या चाकोरीत बसणारी मोटार

माझं लग्न एका मोटारीमुळे जमलं आणि लग्नाच्या दिवशी ती मोटार आमच्याकडे नव्हती. घरात हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता जेवताना कुणी मान वर करत नाही. म्हणून लिहून ठेवतो. कागद उठून जात नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव अड्याळच्या बाजूला, डांबरी सडक सोडून आत. तलावाच्या बांधाची पार ओलांडली की पुढे शेतांमधली कच्ची पांदण, आणि पांदणीला बैलांच्या बंड्यांच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या. भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी मला सांगून आली होती. आम्ही जाऊन मुलगी पाहिली. तिनं मला पाहिलं की नाही ते कळलं नाही, कारण ती पूर्ण वेळ पोह्यांच्या ताटाकडे बघत होती. मला ती फार आवडली. आवडलं म्हणून घरात सांगायची पद्धत नव्हती, म्हणून मी जेवण कमी केलं. आईनं एरंडेल दिलं.

आठवड्यात मुलीच्या वडिलांचा निरोप आला. त्यांची थोरली मुलगी तिकडे बपेऱ्याच्या बाजूला दिली होती, आणि तिला आणायला-पोचवायला बंडीत बसून बसून त्यांची पाठ गेली होती. ज्या गावात मोटार दारापर्यंत येत नाही, त्या गावात दुसरी मुलगी देणार नाही, असं ते म्हणाले.

याचा सरळ अर्थ, तुमच्या गावाला रस्ता नाही, असा होता. पण रस्ता करणं बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातात नव्हतं. मोटार घेणं होतं. मागच्या सालचं धान बऱ्या भावानं गेलं होतं.

नवी मोटार मागितली तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, आणि तोपर्यंत मुलगी थांबली नसती. म्हणून आम्ही भंडाऱ्याला एका एजंटाकडे जुन्या मोटारी बघायला गेलो. सोबत आंधळगावचा मामा जाणकार म्हणून घेतला. मामाकडे सायकल होती. पण अनेक वरातींत तो नवरदेवाच्या मोटारीत पुढे बसला होता, आणि एवढा अनुभव घरात दुसऱ्या कुणाला नव्हता.

एजंटाकडे दोन मोटारी होत्या. एक ठेकेदाराची अँबॅसिडर, दुसरी डॉक्टरची पद्मिनी. दोघींच्या किमतीत एका बैलजोडीचा फरक, आणि अँबॅसिडर महाग.

"भाऊजी, डोळे मिटून मोठी घ्या," मामा म्हणाला. "दहा माणसं बसतात. अन् वर एक बकरी."

"बकरी कायले न्यायची?" बाबूजी म्हणाले.

"न्यायची नाही. जागा आहे म्हणून सांगून राहिलो."

एजंटाचा ओढा पद्मिनीकडे होता. ही शौकीन माणसाची गाडी आहे म्हणाला. आत रेडिओ, सीटवर मखमली कव्हर, मागच्या काचेला झालरीचा पडदा. पैसा छोट्या गाडीचा आणि थाट बड्या माणसाचा, असं त्याचं म्हणणं. तोवर मनातल्या मनात माझं मुलीला त्या पडद्याआड बसवून भंडाऱ्याहून गावापर्यंत दोनदा आणून झालं होतं. माझ्या तुलनेत इंजिन आलंच नाही.

बाबूजींनी दोघांचं ऐकून घेतलं. मग धोतर सावरून अँबॅसिडरसमोर उकिडवे बसले आणि खिशातून दोराचा तुकडा काढला. दोराला दोन गाठी होत्या. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत आमच्या बंडीच्या दोन चाकांमधलं अंतर. अँबॅसिडरला दोर काही बोटं कमी पडला. पद्मिनीला गाठीला गाठ बसली.

एजंट वाकून दोर बघू लागला. "बाबूजी, बैल जुंपायचे आहेत काय हिले?"

"अजून ठरलं नाही," बाबूजी म्हणाले.

त्यांचा हिशोब असा, की मोठीचं एक चाक चाकोरीत गेलं तर दुसरं उंचवट्यावर चढणार आणि आतला माणूस एका कुशीवर प्रवास करणार. छोटी बरोबर चाकोरीत चालेल. तुलना संपली. मामा परतताना रुसून एसटीत वेगळ्या बाकावर बसला.

गाडी चालवायला मला डॉक्टरच्या ड्रायव्हरनं शिकवलं, डांबरी सडकेवर. दसऱ्यानंतर मी ती पहिल्यांदा पांदणीनं गावात आणली. बाबूजींचा दोर खरा ठरला. चाकं चाकोरीत बसली ती थेट आमच्या दारात निघाली. मध्ये मी स्टेअरिंग सोडून पाहिलं, काही फरक पडला नाही. माझं ड्रायव्हिंग तेव्हापासून चांगलं समजलं जाऊ लागलं.

दिवाळीत दुकानाला गर्दी, म्हणून मुलीचे वडील मार्गशीर्षात आले. बाबूजी आणि मी त्यांना आणायला भंडाऱ्याला गेलो. दुकानात भांडं पारखावं तसं त्यांनी बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान देऊन ऐकलं. "पत्रा चांगला आहे," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाजवून पाहिलं नाही.

पार ओलांडून आम्ही पांदणीत शिरलो. चाकं चाकोरीत बसली, धक्के थांबले. "रस्ता तर बरा आहे तुमचा," ते मागून म्हणाले. आरशात मला बाबूजींची मिशी फुललेली दिसली. मी मनात लग्नाच्या पत्रिकेचा रंग ठरवत होतो.

आमच्या ध्यानात एक गोष्ट आली नव्हती. दसऱ्याला बंड्या गावात जात होत्या. आता धान कापून झालं होतं, मध्ये एक अवकाळी सर येऊन गेली होती, आणि भाऱ्यांनी लादलेल्या सगळ्या बंड्या ओल्या पांदणीतून खळ्यांवर जात होत्या. चाकोऱ्या नव्यानं कापल्या गेल्या, वाळून कडक झाल्या, आणि पांदणीतल्या वडाजवळ घराची वाट सोडून उजवीकडे वळल्या. मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. मोटार उजवीकडे वळली.

"घर इकडे आहे का?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नाही," बाबूजी म्हणाले.

मी आणखी फिरवलं. मोटार शांतपणे जात राहिली आणि एका खळ्यावर, धानाच्या रचलेल्या गंजीला नाक लावून थांबली. बैल मळणीचा फेरा सोडून बघत उभे राहिले.

"हे खळं तुमचं?"

"नाही."

"मग आपण इथं काहून आलो?"

"गाडी इकडंच येते," बाबूजी म्हणाले.

खळं आमच्या शेजाऱ्याचं होतं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून त्याचं-बाबूजींचं बोलणं बंद होतं. तो खराटा टेकून पुढे आला. "या. धान मळायले मोटार आणली काय?"

वळायला जागा नव्हती, म्हणून मोटार मागे ढकलत वडापर्यंत न्यायची ठरली. बाबूजी म्हणाले, "तू उतर, अन् समोरून रेट. स्टेअरिंगवर माणसाचं काम नाही." मी नवा शर्ट घालून मोटार ढकलू लागलो. मुलीचे वडील मळून उरलेल्या तणसावर चहा पीत बसले आणि शेजाऱ्याजवळ आमची चौकशी करू लागले. मला सगळं ऐकू येत होतं. माणूस भांडणातला, विचारणारा पोरीचा बाप, आणि माझे दोन्ही हात गुंतलेले.

"माणसं कशी आहेत?"

"बुढा हट्टी आहे," शेजारी म्हणाला. "बोट बोट धुऱ्यासाठी भांडते. पण दुसऱ्याचा एक भारा उचलणार नाही."

"अन् मुलगा?"

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "ढकलून राहिला न," म्हणाला.

मोटार वडापाशी पोचायच्या आत शेजाऱ्यानं तणस भरलेली बंडी जुंपली आणि पाहुण्यांना आमच्या दारात नेऊन सोडलं. मी पोचलो तेव्हा त्यांचं जेवण होत आलं होतं. आईच्या पाण्याच्या पितळी गुंडावर टकटक करून ते म्हणाले, "मुलगी देतो. पण ही मोटार विका."

बाबूजींनी कारण विचारलं.

"ती राहिली तर मले आणायले तीच पाठवाल. तुमच्याकडे तणसाची बंडी बरी आहे. पाठ टेकता येते."

मोटार एजंटानं परत घेतली. बैलजोडीएवढी खोट बसली. वरात ट्रकनं गेली, सून सडकेपासून घरापर्यंत बंडीत आली. बंडी शेजाऱ्याची होती, आणि तिच्यात तणस त्यानं स्वतः भरलं होतं.

काही वर्षांनी, अंगणात सगळे बसलेले असताना, मी बायकोला विचारलं, की त्या दोन मोटारींपैकी तिला कोणती चालली असती.

"मले कोणी विचारलं होतं?" ती तांदूळ निवडत म्हणाली. "मी तं एसटीनंही आली असती. सडकेवर थांबते न ती."

बाबूजी खाटेवर होते. त्यांना ऐकू गेलं नाही असं त्यांनी दाखवलं आणि तो दोन गाठींचा दोर शोधायला गोठ्यात निघून गेले.